वाचकांचे प्रश्न : दहाचे सँडविच पन्नासला कसे गेले?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे रस्त्यावरच्या सँडविचविषयी आहेत, आणि त्यांतील सूर बहुधा तक्रारीचा आहे. एकाच विषयावरची पाच पत्रे निवडून त्यांना येथे उत्तरे दिली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण बाकीच्या चौघांच्या मनातला मूळ प्रश्नही तोच आहे.

प्रश्न : विलेपार्ल्यात आमच्या महाविद्यालयाच्या फाटकासमोर एक सँडविचची गाडी आहे. २००३ साली मी अकरावीत असताना तेथे सादे सँडविच १० रुपयांना मिळे. आज माझी मुलगी त्याच गाडीवर खाते. आता सादे ५० रुपयांना, मसाला टोस्ट ८० रुपयांना आणि चीज चिली ग्रिल १६० रुपयांना मिळते. दरफलकावर जुन्या आकड्यांवर नवे कागद चिकटवून चिकटवून एक जाड थर झाला आहे. ही महागाई म्हणायची की लूट?

उत्तर : आधी आपलेच दोन आकडे शेजारी ठेवू. २००३ ते २०२५ या बावीस वर्षांत भाव दरसाल ६ टक्क्यांनी चढत गेले असे धरले, तर तेव्हाचे १० रुपये आज साधारण ३६ रुपये होतात. महागाईचा दर ४ टक्क्यांच्या आसपास आणि फार तर ६ टक्क्यांपर्यंत असावा, असे लक्ष्य २०१६ पासून रिझर्व्ह बँकेसमोर आहे. म्हणजे मी धरलेला आकडा त्या मर्यादेच्या वरच्या टोकाचा आहे. तेव्हा ५० पैकी ३६ रुपयांबद्दल गाडीवाल्याशी भांडण्यात अर्थ नाही. उरतात १४ रुपये.

ते कोठे गेले हे पाहताना बहुतेकांचे बोट आधी भाजीकडे जाते, आणि तेथेच हिशेब चुकतो. सादे सँडविच म्हणजे दोन स्लाइस, त्यांना चोपडलेले लोणी, कोथिंबीर-पुदिना-मिरचीची चटणी, उकडलेल्या बटाट्याचे आणि बिटाचे काप, काकडी, टोमॅटो व कांद्याच्या दोन-तीन चकत्या आणि वरून भुरभुरलेला मसाला. यांतील भाजीचे भाव चढतात तसे उतरतातही. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो किलोला दीडशेच्या वर गेला होता, तेव्हा आपल्या गाडीवाल्याने फलकावरचा आकडा बदलला होता का, हे आठवून पाहा. बहुधा नसेल. दोन महिन्यांनी भाव खाली येणार हे त्याला ठाऊक असते, म्हणून तो फलकाला हात न लावता सुरीचा हात हलका करतो. त्या दिवसांत मी खात असे त्या गाडीवरच्या टोमॅटोच्या चकतीतून पलीकडचे दिसत होते.

फलक बदलतो तो दुसऱ्या प्रकारच्या खर्चामुळे, म्हणजे जो चढला की सहसा उतरत नाही अशा खर्चामुळे. लोणी, चीज आणि ब्रेड त्यात येतात. इंधनही येते. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर गाडीवर वापरता येत नाही. नियमाने व्यावसायिक १९ किलोचा घ्यावा लागतो, आणि त्याचा दर दर महिन्याच्या पहिल्या तारखेला वर-खाली होत असला तरी सँडविचवाला वरच्या दराचाच हिशेब धरून चालतो. कोळशाच्या सिगडीवर चिमटा उलटसुलट करून टोस्ट भाजण्याची जुनी पद्धतही आता मागे पडत आहे. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात लाकूड व कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. त्या आदेशाची झळ पाववाल्यांना अधिक बसली, तरी सिगडीवाल्यांनाही त्यातून वाऱ्याची दिशा कळली.

या सर्वांहून मोठा वाटा हातांचा आहे. दुपारी चार ते सात या वेळात गाडीवर तीन माणसे लागतात: एक लोणी-चटणी फासणारा, एक हातातल्या हातात बटाटा आणि बीट कापून थर लावणारा, आणि एक टोस्ट सांभाळून पैसे घेणारा. पूर्वी यांतील दोघे मालकाच्या गावाकडची पोरे असत. जेवणखाण, झोपायला जागा आणि सणाला गावी जाताना हातावर ठेवलेले पैसे एवढ्यावर ती राबत. २००३ सालचे आपले १० रुपयांचे सँडविच स्वस्त होते, त्यातला काही भाग त्या पोरांच्या न दिलेल्या पगाराचा होता. आज त्याच वयाचा मुलगा घरपोच सेवा देणाऱ्या एखाद्या कंपनीचा टी-शर्ट घालून दुचाकीवर फिरू शकतो, म्हणून त्याला गाडीवर थांबवून ठेवायचे तर महिन्याचा पगार द्यावा लागतो. याखेरीज रात्री गाडी लावण्याची जागा, पाणी, आणि ज्याची पावती कधीच मिळत नाही असा एक खर्च आहे. त्याचे नाव मुंबईकर वाचकाला सांगण्याची गरज नाही.

आता भाव एकदम उडी मारतो असे का वाटते, तेही पाहा. खर्च पैशा-पैशाने वाढतो, पण फलकावरचा आकडा ५ किंवा १० रुपयांनीच हलतो. सुट्या पैशांच्या कटकटीतून ही सवय लागली आणि आज बहुतेक गिऱ्हाईके फोनवरून पैसे भरतात तरी ती गेलेली नाही. ४३ रुपयांचे सँडविच कोणी फलकावर लिहिलेले मी पाहिलेले नाही. दीड-दोन वर्षे भाव दाबून धरायचा आणि मग एक दिवस नवा कागद चिकटवायचा, अशी ती चाल असते.

एवढे सांगून झाल्यावर माझी खरी तक्रार मांडतो, कारण गाडीवाला अगदीच निर्दोष आहे असे मला म्हणायचे नाही. आपल्या पत्रातील मसाला टोस्ट आणि चीज चिली ग्रिल यांतील फरक ८० रुपयांचा आहे. त्यात जास्तीचे चीज समजा ४० ग्रॅम पडले, तर आजच्या किलोच्या पाकिटाच्या भावाने ते सुमारे २२ रुपयांचे होते. सिमला मिरची, थोडे जास्त लोणी आणि वरची शेव मिळून फार तर दहा रुपये धरा. उरलेल्या सुमारे ५० रुपयांत ग्रिलच्या यंत्राचे भाडे आहे, असे मी समजतो: टोस्टचे चार चिमटे एकाच वेळी आचेवर राहतात, ग्रिलमध्ये मात्र एक-दोन सँडविच चार-पाच मिनिटे जागा अडवून बसतात, आणि गर्दीच्या वेळी त्या जागेला किंमत असते. पण सगळे ५० रुपये त्या जागेचे नाहीत. सादे सँडविच हा सर्वांच्या लक्षात राहणारा भाव आहे, त्यामुळे तो सर्वांत शेवटी वाढतो आणि तेथे राहिलेली तूट वरच्या पायऱ्यांवर भरून काढली जाते. सादे खाणाऱ्याचे काही पैसे शेजारी उभा असलेला चीज ग्रिलवाला भरत असतो. आपली मुलगी काय मागवते ते आपण लिहिलेले नाही, पण माझा अंदाज आहे.

या व्यवस्थेला माझा विरोध नाही. विरोध आहे तो अलीकडे काही गाड्यांनी सादे सँडविच फलकावरूनच काढून टाकले आहे त्याला. तेथे यादी मसाला टोस्टपासून सुरू होते आणि खाली चॉकलेटच्या सँडविचपर्यंत जाते. ‘साधे मिळेल का?’ असे विचारले, तर ‘बनवून देतो, पण पैसे टोस्टचेच पडतील’ असे उत्तर येते. १० चे ५० झाले याला बावीस वर्षे लागली; सर्वांत खालची पायरी काढून घेतली की एका दिवसात ५० चे ८० होतात आणि भाववाढ झाली असे कोणी म्हणतही नाही. आपल्या गाडीवर सादे अजून लिहिलेले आहे, तोवर ती चांगली गाडी आहे असे मी मानतो.

प्रश्न : लोण्यावरचा आणि चीजवरचा जीएसटी कमी झाला, तशा जाहिराती आम्ही वाचल्या. डोंबिवली स्थानकाबाहेरचे आमचे सँडविच मात्र एका रुपयानेही उतरले नाही. हा फायदा मधल्यामधे कोणी खाल्ला?

उत्तर : २२ सप्टेंबर २०२५ पासून लोणी आणि चीज यांवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, हे बरोबर आहे. अमूल लोण्याचे १०० ग्रॅमचे पाकीट त्या वेळी ६२ रुपयांवरून ५८ वर आले आणि चीजचा एक किलोचा ठोकळा ३० रुपयांनी उतरून ५४५ वर आला. पाकीटबंद ब्रेडवर आधीही कर नव्हता, भाजीवर नव्हताच.

मी एका रविवारी घरी १०० ग्रॅमचे पाकीट उघडून, गाडीवाल्याइतक्या सैल हाताने लोणी लावत सँडविच केली. पाकीट सात सँडविचला पुरले. म्हणजे एका सँडविचमागे लोण्याचा खर्च ८ रुपये ८६ पैशांवरून ८ रुपये २९ पैशांवर आला; वाचले ५७ पैसे. चीजचे असेल तर ४० ग्रॅममागे आणखी १ रुपया २० पैसे. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या गाडीवाल्याला जीएसटीची नोंदणी करावी लागत नाही, त्यामुळे तो आपल्याकडून कर घेत नाही, तसा त्याने मालावर भरलेला करही त्याला परत मिळत नाही. वाचलेले हे पावणेदोन रुपये खरोखर त्याच्याकडेच राहिले. तेवढ्यासाठी १६० चे १५८ कोणी करणार नाही. भाव चढताना पाऊण रुपयाचे पाच होतात आणि उतरताना पावणेदोन रुपयांचे शून्य होते, ही आपली तक्रार मात्र रास्त आहे.

प्रश्न : ठाण्यात आमच्या नेहमीच्या ठिकाणी भाव वाढलेले नाहीत, पण चव बदलली आहे. लोणी टाळूला चिकटते आणि चीज ताणले तरी तुटत नाही. हा माझा भ्रम तर नाही?

उत्तर : भ्रम नसावा. लोणी म्हणून विकायचे असेल, तर त्यात किमान ८० टक्के दुधाची स्निग्धता असावी लागते. वनस्पती तेलापासून केलेला फॅट स्प्रेड किंवा मार्गारिन दिसायला तसाच पिवळा असतो आणि बराच स्वस्त पडतो. तो विकणे हा गुन्हा नाही. तो लावून फलकावर ‘बटर’ लिहिणे ही फसवणूक आहे. चीजच्या बाबतीतही तेलापासून केलेले, चीजसारखे दिसणारे पदार्थ बाजारात आहेत, आणि त्यांना दुधाच्या पदार्थाचे नाव देता येत नाही. ताण किती येतो यावरून मात्र निकाल देऊ नका, कारण गाडीवर किसून घालतात ते प्रक्रिया केलेले चीज मुळातच फारसे ताणले जात नाही. सरळ पाकीट दाखवायला सांगा. ज्याच्याकडे अस्सल माल असतो तो पाकीट गिऱ्हाइकाला दिसेल असेच ठेवतो. काही जण तर रिकाम्या खोक्यांचा मनोरा रचून ठेवतात.

प्रश्न : पुण्यात एका गाडीने पार्सलचे ५ रुपये वेगळे घेतले. पूर्वी वर्तमानपत्रात गुंडाळून फुकट देत असत. असे पैसे घेता येतात का?

उत्तर : घेता येतात, पण आधी सांगून किंवा फलकावर लिहून. छपाईची शाई अन्नात उतरते म्हणून वर्तमानपत्रात अन्न बांधण्यास मनाई आहे, आणि २०१८ पासून महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. तेव्हा फुकटचे दोन्ही पर्याय गेले. तयार सँडविचवर छापील कमाल किंमत नसते, त्यामुळे ‘एवढ्यालाच विकले पाहिजे’ असे कायदा म्हणत नाही. पाण्याची बाटली मात्र छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त देऊन घेऊ नका.

प्रश्न : हेच सँडविच घरी किती रुपयांत पडेल? आणि घरचे गाडीसारखे का लागत नाही?

उत्तर : वर सांगितलेल्या रविवारचाच हिशेब देतो. ब्रेडचे पाकीट ४५ रुपये, लोणी ५८, भाजी आणि चटणीचे सामान ६५. मिळून १६८ रुपयांत सात सादी सँडविच झाली, म्हणजे एक २४ रुपयांना पडले. बटाटे उकडण्यापासून कडा कापण्यापर्यंत पाऊण तास गेला, तो यात धरलेला नाही. भांडी कोणी घासली, तेही नाही.

चवीतला फरक बहुतेक वेळा चटणीच्या पाण्यात असतो. घरी मिक्सर फिरावा म्हणून आपण पाणी घालतो आणि ते ब्रेडमध्ये उतरते. गाडीवरची चटणी दाट असते. वाटताना पाण्याऐवजी बर्फाचे एक-दोन खडे आणि मूठभर डाळे किंवा ब्रेडच्या कापलेल्या कडा घाला, म्हणजे ती दाटही होईल आणि हिरवीही राहील. लोणी स्लाइसच्या अगदी टोकापर्यंत लावा आणि चटणी त्यावर फासा, आधी नको. बीट आदल्या रात्री उकडून, कापून, उघडे ठेवून कोरडे होऊ द्या. मसाल्यात थोडे काळे मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड वाढवा, आणि तो प्रत्येक थरावर वेगळा भुरभुरवा. एकदाच वरून घातला की पहिल्या घासात खारट आणि चौथ्या घासात फिके लागते.