बोइंग 787 प्लास्टिकचं असतं म्हणतात. मग त्यात बसणं सुरक्षित कसं?

निम्मं खरं आहे, तेही मोजून. 787 च्या ढाच्याच्या वजनात सुमारे 50 टक्के कंपोझिट (धागे आणि रेझिन मिळून बनलेलं साहित्य) असतं, एअरबस ए350 मध्ये 53. पण बादलीचं प्लास्टिक डोक्यातून काढा. भार पेलतात ते केसाहून बारीक कार्बनचे धागे. इपॉक्सी रेझिनचं काम त्यांना जागच्या जागी धरून ठेवायचं. धागा फक्त लांबीच्या दिशेने दणकट, म्हणून थर वेगवेगळ्या कोनांत रचतात आणि ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखाली तापवून पक्के करतात. 787 च्या धडाचे भाग असे सलग नळीसारखे बनतात, त्यामुळे पत्र्यांचे उभे जोड आणि त्यांचे रिव्हेट वाचतात. (787-9 मधल्या पायाखालच्या कंपोझिट बीम नागपूरच्या मिहानमध्येही बनल्या आहेत, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं.)

कंपोझिट गंजत नाही आणि हवेच्या दाबाच्या चढउताराने अॅल्युमिनियमसारखं थकत नाही. म्हणून केबिनमधला दाब 8,000 ऐवजी 6,000 फूट उंचीवरच्या हवेइतका, म्हणजे जास्त, ठेवता येतो. लांबच्या प्रवासात कमी शिणायला होतं ते यामुळेही.

आगीचं म्हणाल तर 2 जानेवारी 2024 ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं ए350 तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटलं. ए350 जळून खाक झालं, पण त्यातले सर्व 379 जण बाहेर पडले. दुसऱ्या विमानातले पाच जण मात्र गेले. एवढ्यावरून मी कंपोझिटला प्रशस्तिपत्र देणार नाही. त्यात केबिन क्रूचं श्रेय मोठं आहे.

आकाशातली वीज विमानावर पडली तर त्यासाठी रंगाखाली तांब्याची बारीक जाळी असते. कार्बन अॅल्युमिनियमला टेकला की अॅल्युमिनियम गंजतं, म्हणून अशा जागी महागडं टायटॅनियम वापरावं लागतं.

मला विचाराल तर खरी भीती मजबुतीची नाहीच, न दिसणाऱ्या इजेची आहे. अॅल्युमिनियमला ठोकर लागली की पोचा दिसतो. कंपोझिटचा पृष्ठभाग जवळपास गुळगुळीत राहतो आणि आत थर सुटलेले असतात. पातळ पॅनेल छोट्या हातोडीने माठासारखं वाजवून बघतात, बद्द आवाज आला की संशय. जाड भागाला अल्ट्रासाउंडच लागतं. पण तपासायचं कुठे, हे आधी कळायला हवं ना? म्हणून सामानाची गाडी विमानाला नुसती घासली, तरी ग्राउंड स्टाफने ते लगेच कळवणं इथे धातूच्या विमानापेक्षाही महत्त्वाचं ठरतं.