दरवर्षी तीच झाशीची राणी

प्रश्न : मी आठवीला इतिहास शिकवते. गॅदरिंगला दरवर्षी ‘मी झाशीची राणी बोलतेय’ असतंच, एखादी चुणचुणीत मुलगी घडाघडा म्हणते, टाळ्या पडतात. पण वर्गात १८५७ बद्दल विचारलं की सगळी गप्प. नाटकातून शिकवायची फार इच्छा आहे हो, पण पिरियड ३५ मिनिटांचा आणि पोरं ४८. कसं जमवू?
– एक शिक्षिका, रायगड जिल्हा

उत्तर : बाई, राणीला यंदा जरा सुट्टी द्या. ते भाषण नंतर कुणीतरी लिहिलेलं असतं, त्यात मुलांना विचारण्यासारखं काही उरतच नाही. त्यापेक्षा तेव्हा तिथं हजर असलेला माणूस घ्या, आणि तो तुमच्याच जिल्ह्यातला आहे की! पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घरची ओढगस्त, मथुरेला ग्वाल्हेरच्या राजघराण्यातल्या बायजाबाई शिंदे यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, म्हणून हे भिक्षुक १८५७ मध्ये काकांबरोबर निघाले आणि नेमके बंडात सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते आत होते. हे सगळं त्यांनी ‘माझा प्रवास’मध्ये लिहून ठेवलंय.

पहिल्या दिवशी फक्त विहिरीचा प्रसंग करा. झाशी पडलीये, काल्पीच्या वाटेवर धुळीने माखलेली, पुरुषी वेशातली राणी तहानलेली येते, गोडसे पाणी काढून द्यायला पुढे होतात तर ती म्हणते तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी काढू नका, आणि मडकं घेऊन स्वतःच काढते. दोर, मडकं, बास. पत्र्याची तलवार नको.

सहा-सहाचे आठ गट पाडा, सगळे एकदम करू देत, गोंगाट होईल तो होऊ द्या. मग एका ‘गोडशां’ना खुर्चीवर बसवा आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. नियम एकच, प्रत्येक उत्तराआधी ‘पाहिलं’ की ‘ऐकलं’ ते सांगायचं. कारण गोडशांनी लिहिलं १८८३ मध्ये, म्हणजे पंचवीसएक वर्षांनी, आणि झाशी जरी डोळ्यांनी पाहिली तरी बऱ्याच गोष्टी लोकांकडून ऐकलेल्या. एखादं पोरगं हमखास विचारतं, ‘मग हे खरं कशावरून?’ तेवढ्यासाठी पिरियड वसूल.

एप्रिल १८५८ मध्ये इंग्रज फौज शहरात घुसल्यावर जी कत्तल झाली ती मात्र करून दाखवू नका, एकाने उभं राहून सांगायची. मी एकदा करायला लावली होती, तर मेलेली पोरं खिदळत होती आणि मला काय बोलावं तेच सुचेना.

पुढच्या महिन्यात मुक्ता साळवे घ्या. फुल्यांच्या शाळेतली विद्यार्थिनी, मांग-महारांच्या दुःखाबद्दलचा तिचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला, म्हणजे तुमच्या पोरांसारखंच शाळेत जाणारं कुणीतरी बोलतंय. पण ‘मुक्ता’ म्हणून एका मुलीला उभं करू नका. गावात कोण कुठल्या घरचं हे सगळ्यांना माहीत असतं, तो रोल मग तिला वर्षभर चिकटतो. एकेक वाक्य एकेकाने वाचायचं, सगळ्या वर्गाने.

आणि हो, गोडशांचं पुस्तक १९०७ ला छापताना बरंच बदललं होतं, मूळ हस्तलिखितावरून काढलेली १९६६ ची आवृत्ती मिळाली तर तीच घ्या. भाषा जुनी आहे, विधवांबद्दलचे काही शब्द आठवीच्या वर्गात ऐनवेळी अडचणीत आणतील, तेव्हा आधी घरी वाचून पेन्सिलने खुणा करून ठेवा.