वाचकांचे प्रश्न : सोनचाफ्याच्या लाकडातील शिड्या

प्रश्न : सोनचाफ्याच्या लाकडाच्या आडव्या छेदात वाहिन्या (पाणी वाहणाऱ्या नळ्या) दिसतात, पण सोपानवत् छिद्रपट (नळीच्या दोन पेशींमधली, शिडीसारख्या दांड्यांची जाळी) सापडत नाही. अरीय छेदात (खोडाच्या मध्यापासून सालीकडे घेतलेल्या उभ्या छेदात) मात्र शिड्याच शिड्या! त्यातली खरी कोणती?

उत्तर : आडव्या छेदात छिद्रपट दिसलाच, तर एखादा कापला गेलेला दांडा, एवढाच. सोनचाफ्याच्या कुळात वाहिनीघटकाचे (नळीतल्या एका पेशीचे) टोक तिरके असते आणि ते समोरून दिसते अरीय छेदात. घोळ होतो तो बाजूच्या भिंतींमुळे. त्यांच्यावरचे गर्तही (खळगेही) आडवे, लांबट आणि एकाखाली एक असतात, म्हणून तेही शिडीसारखेच भासतात. फरक असा की गर्ताला किनार असते आणि तळाशी पातळ पडदा असतो. छिद्रपटाच्या दांड्यांमधून मात्र आरपार मोकळी जागा असते, आणि तो फक्त तिरक्या टोकावरच असतो.

शंका उरली तर पेशी सुट्या करून पाहा. काडीपेटीतल्या काडीहून बारीक तुकडे घ्या. ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड आणि 6 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड समप्रमाणात मिसळून त्यात ते बुडवा आणि 60 अंश सेल्सिअसला एक-दोन दिवस ठेवा. तुकडे पांढरे झाले की काम झाले. बाटलीचे झाकण सैल हवे, कारण आत वायू तयार होतो. ॲसिडचा वास पूर्ण जाईपर्यंत पाणी बदलत धुवा, नाहीतर सॅफ्रानिन हा लाल रंग नीट चढत नाही. शेवटी बाटली हलकेच हलवा. जोरात हलवली तर नाजूक दांडे तुटतात आणि छिद्रपट साधा, एकाच भोकाचा असल्याचा भास होतो. वर्णनांतल्या चुका बहुधा इथेच शिरतात.

प्रश्न : सालीचा छेद घेताना ती लाकडापासून सुटते. तैलपेशीही (तेल साठवणाऱ्या पेशी) रिकाम्याच दिसतात.

उत्तर : सोनचाफा, सीताफळ यांच्या सालीत कठीण तंतूंचे पट्टे आणि मऊ परिकाष्ठ (अन्न वाहणारी ऊती) यांचे थर आलटून पालटून असतात. शिवाय किरण (आतून बाहेर जाणारे पेशींचे पट्टे) बाहेरच्या बाजूला पाचरीसारखे रुंदावत जातात. पाते तंतूंवर अडखळते आणि मऊ थर चिरडतो. साल, कॅम्बियम (साल आणि लाकूड यांच्यामधला वाढीचा थर) आणि थोडे लाकूड असा एकसंध ठोकळा काढून पॉलिएथिलीन ग्लायकॉल या मेणासारख्या पदार्थात मुरवा आणि 20 ते 25 मायक्रोमीटरचे छेद घ्या. तैलपेशींसाठी वेगळा, ताजा तुकडा राखून ठेवा. अल्कोहोलमध्ये तेल विरघळून जाते, म्हणून हा छेद त्यात फार वेळ राहू देऊ नका. सुदान या तेलात उतरणाऱ्या रंगाने रंगवून ग्लिसरीनमध्ये बसवा.

प्रश्न : वाहिन्याच नसलेले लाकूड सूचिपर्णी (पाइनसारख्या) वृक्षाचे की सपुष्प (फुले येणाऱ्या) वृक्षाचे?

उत्तर : स्पर्शरेषीय छेद (सालीला समांतर उभा छेद) घ्या. सूचिपर्णींचे किरण बहुतेक एकाच पेशीइतके रुंद असतात. विंटेरेसी हे कुळ आणि ट्रोकोडेन्ड्रॉन हे झाड या वाहिन्या नसलेल्या सपुष्पांत मात्र त्यांच्या जोडीला अनेक पेशींइतके रुंद, उंच किरणही असतात. पण वाहिन्या नाहीत एवढ्यावरून झाड आदिम ठरवू नका. न्यू कॅलेडोनियातील अम्बोरेला सपुष्प वृक्षांच्या अगदी मुळाशी आहे, त्याच्याबाबत तसे म्हणता येईल. विंटेरेसीचे जवळचे नातलग असलेल्या कॅनेलेसी कुळात वाहिन्या आहेत आणि ट्रोकोडेन्ड्रॉन तर खऱ्या द्विदलांतले आहे; म्हणून विंटेरेसी आणि ट्रोकोडेन्ड्रॉन या दोघांत वाहिन्या नंतर गेल्या असण्याचीच शक्यता जास्त.