केप कॉड घराच्या वरच्या खोल्या: आधी हवा अडवा, मग इन्सुलेशन टाका

तुमचं घर 1954चं, मध्य न्यू जर्सीतलं केप कॉड. छपराच्या उतारात बसवलेल्या वरच्या दोन खोल्यांत जुलैत झोपवत नाही आणि जानेवारीत पाय गारठतात. एक कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, अ‍ॅटिकमध्ये (छपराखालच्या माळ्यात) सेल्युलोज, म्हणजे कागदाचं इन्सुलेशन, भरून आर-60 करून देतो (आर म्हणजे उष्णता अडवण्याची क्षमता; आकडा जितका मोठा तितकं चांगलं). दुसरा म्हणतो, छपराला आतून स्प्रे फोम मारा. तुम्ही विचारलंय की कोणाचं ऐकावं, बिल निम्मं होईल का, आणि पुढच्या उन्हाळ्यात पुण्याहून आई-बाबा येतील तेव्हा त्यांची सोय वर करता येईल का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तोच महत्त्वाचा आहे. हो, करता येईल, काम योग्य क्रमाने झालं तर. बिल मात्र निम्मं होणार नाही. हवेची गळती बंद करून अ‍ॅटिक, क्रॉल स्पेसवरची (घराखालच्या बुटक्या पोकळीवरची) जमीन आणि बेसमेंटच्या रिम जॉइस्टला (पायाच्या भिंतीवरच्या कडेच्या लाकडाला) इन्सुलेशन केलं, तर गरम-थंड करण्याच्या खर्चात सरासरी 15 टक्के बचत होते, असा एनर्जी स्टार या अमेरिकी सरकारी ऊर्जाबचत कार्यक्रमाचा अंदाज आहे. तोही संपूर्ण बिलावर नाही, फक्त त्या भागावर. कोणी याहून फार मोठा आकडा छातीठोकपणे सांगत असेल, तर तो कशावरून काढला हे लेखी मागा. अशा घरात खरा फायदा राहण्यातल्या सुखाचा असतो, आणि माझ्या मते तेवढ्यासाठीसुद्धा हे काम करण्यासारखं आहे.

दोन्ही कॉन्ट्रॅक्टरनी हवेचा विषयच काढला नाही, हे मला खटकलं. फायबरग्लास आणि सैल पसरलेलं सेल्युलोज उष्णता अडवतं, वाहती हवा अडवत नाही. हिवाळ्यात घरातली गरम हवा वर चढते, छतातल्या फटींतून अ‍ॅटिकमध्ये निसटते, आणि तिची जागा भरायला बेसमेंटमधून, दारा-खिडक्यांतून बाहेरची गार हवा आत ओढली जाते. म्हणजे तुमच्या खालच्या मजल्यावरचा गारवाही काही अंशी वरच्या भोकांमुळेच आहे. अ‍ॅटिकमध्ये जाऊन जुन्या फायबरग्लासचे तुकडे उचलून पाहा. जिथे ते काळपट पडलेलं दिसेल तिथून वर्षानुवर्षं हवा गेलेली असते. धूळ त्यात गाळली जाऊन अडकते. त्याच्या खाली फट सापडतेच.

या फटी ठरलेल्या जागी असतात. आतल्या भिंतींच्या माथ्यावरची लाकडी पट्टी आणि ड्रायवॉल (भिंतीचे जिप्समचे बोर्ड) यांच्यामधली चीर, वायरी वर येतात ती भोकं, बाथरूमचा व्हेंट पाइप जातो तो पोकळ खांचा, स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या वरचा बंदिस्त भाग, छतात बसवलेले जुने दिवे, आणि चिमणीभोवतीची मोकळी जागा. बारीक चिरांना कॉल्क (चिरा बुजवायची लवचिक लुकण), मोठ्यांना कॅनमधला फोम, त्याहून मोठ्यांना रिजिड फोमचा तुकडा कापून कडा फोमने बंद. चिमणीला मात्र फोम अजिबात लावायचा नाही. तिथे पत्रा आणि उच्च तापमानाचं कॉल्क, आणि इन्सुलेशन चिमणीपासून दूर ठेवायला पत्र्याचा बांध. गळती शोधायला घरातली उदबत्ती पुरते. थंडीच्या दिवशी, वारा असताना, अ‍ॅटिकच्या झाकणाच्या कडेने आणि खोलीच्या बाजूच्या बुटक्या भिंतीतल्या दाराशी फिरवा. धूर कुठे ओढला जातो ते लगेच कळतं.

केप कॉडची खरी अडचण वरच्या छोट्या सपाट अ‍ॅटिकमध्ये नसतेच, बाजूंना असते. तुमच्या खोल्यांच्या दोन्ही अंगांना चार-पाच फुटी बुटक्या भिंती असतील, त्याच नी-वॉल. त्यांच्या मागे तिरक्या छपराखालची जागा आपण सामान ठेवायला वापरतो. ती जागा खालच्या सॉफिटमधून (छपराच्या बाहेर आलेल्या कडेखालच्या भागातून) बाहेरच्या हवेला उघडी असते, आणि खोलीच्या जमिनीखालचे जॉइस्ट (लाकडी तुळया) त्या जागेतून थेट खोलीखाली जातात. नी-वॉलच्या खाली, दोन जॉइस्टच्या मधे, काहीच अडवलेलं नसतं. म्हणजे जानेवारीतला वारा तुमच्या खोलीच्या जमिनीखालून आरपार जातो, आणि जुलैत तिथे तापलेली हवा भरते. वरच्या अ‍ॅटिकमध्ये आर-60 टाका नाहीतर आर-100, पाय गारच राहणार. गोधडी कितीही जाड असली तरी पायाशी उघडी राहिली की थंडी वाजतेच.

म्हणून पैसे मोजके असतील तर पहिलं काम हे: नी-वॉलच्या बरोबर खाली, प्रत्येक दोन जॉइस्टच्या मधल्या पोकळीत रिजिड फोमचा तुकडा बसवून चारही कडा फोमने बंद करणं. कंटाळवाणं, गुडघ्यावर बसून करायचं काम आहे, आणि म्हणूनच बहुतेक एस्टिमेटमध्ये ते नसतं. मग नी-वॉलच्या मागच्या बाजूचं इन्सुलेशन. जुनं फायबरग्लास तिथे नुसतं खोचलेलं असतं आणि घसरून खाली आलेलं असतं. ते नीट बसवून मागून रिजिड फोमचे बोर्ड ठोका आणि सांधे टेपने बंद करा, म्हणजे वारा त्यातून शिरत नाही. नी-वॉलच्या मागच्या जागेच्या जमिनीवर, जॉइस्टमध्ये, सेल्युलोज. नी-वॉलची छोटी दारं हा बाहेरचा दरवाजा समजा: मागे फोम, कडेने रबरी पट्टी, घट्ट ओढून धरणारी कडी.

मधला तिरका भाग सगळ्यात अवघड. तिथे राफ्टर (छपराचे तिरके वासे) साधारण साडेपाच इंच खोल. छपराच्या फळीखाली हवा खेळायला इंचभर जागा सोडली तर उरलेल्या साडेचार इंचांत आर-15च्या आसपासच बसतं. उन्हाळ्यात तुमचं डोकं तापतं ते या उतारामुळे, कारण शिंगल्सची (छपरावरच्या आच्छादनाची) उष्णता अगदी डोक्यावर असते. आत्ता ड्रायवॉल फोडायची नसेल तर हा भाग नंतरसाठी ठेवा. पुढे कधी त्या खोल्यांचं नूतनीकरण कराल, तेव्हा उताराला आतून दोन इंच पॉलिआयसो (एक प्रकारचा कडक फोम) बोर्ड लावून त्यावर नवं ड्रायवॉल घ्या; आर-12च्या आसपास भर पडते आणि लाकडातून होणारी उष्णतेची गळतीही तुटते.

आता आर-60चं. मध्य जर्सीचा बराचसा भाग अमेरिकेच्या बांधकाम नियमांतल्या हवामान विभाग 4 मध्ये येतो, आणि आधीचं तीन-चार इंच इन्सुलेशन असेल तर शिफारस आर-49ची आहे. इन्सुलेशन अजिबात नसलेल्या अ‍ॅटिकला आर-60. आर-11 वरून आर-49 ला गेलात की त्या छतातून इन्सुलेशनमधून वाहणारी उष्णता सुमारे 78 टक्क्यांनी घटते. तिथून पुढे आर-60 केलं तर मूळच्या हिशोबात आणखी फक्त चार टक्के. तुमच्या छोट्या सपाट भागात वरचे काही इंच वाढवायला फार खर्च नाही, पण त्यासाठी गळतीचं काम टाळू नका. झाकणाचंही तसंच आहे. हजार चौरस फूट अ‍ॅटिक पूर्ण आर-49 असेल आणि त्यात ओढून उतरवायच्या शिडीचं दहा चौरस फुटांचं पातळ झाकण, जवळपास आर-1चं, तर सगळ्याची सरासरी आर-33 वर येते. एक टक्का जागा एक तृतीयांश इन्सुलेशन खाते. झाकणावर फोमची पेटी बनवून ठेवायला एक दुपार पुरते.

साहित्यात माझी पसंती सेल्युलोजला. जुन्या वर्तमानपत्रांचा भुगा, आग लागू नये म्हणून बोरेट मिसळलेला. इंचाला साधारण आर-3.5, वेड्यावाकड्या जुन्या जॉइस्टच्या कोपऱ्यांत नीट शिरतो. फायबरग्लासही चालतं, फक्त जाड थर लागतो. जुन्या थरावर नव्या गाद्या टाकल्या तर त्या कागद नसलेल्या घ्या. कागदी बाजू खोलीकडे, म्हणजे उबेकडे असते. मधे दुसरा कागद आला की ओल अडकते. आणि सॉफिटशी बॅफल (हवेची वाट मोकळी ठेवणारी पन्हळ) लावल्याशिवाय काहीही उडवू देऊ नका. तिथून हवा आत यायचा मार्ग बुजला की छपराची लाकडं ओली राहतात.

स्प्रे फोम वाईट नाही. बाजूच्या जागेत एसीचे डक्ट जात असतील, आणि ते हलवता येत नसतील, तर छपराच्या रेषेवर क्लोज्ड-सेल (दाट, कडक) फोम मारून ती सगळी जागा घराच्या आत घेणं हा खरंच चांगला उपाय ठरतो. पण तो सगळ्यात महाग, नीट मिसळला नाही तर वास राहतो, मारताना आणि नंतर सहसा एक दिवस घराबाहेर राहावं लागतं, आणि पुढे छप्पर गळलं तर पाणी कुठून येतं ते शोधणं कठीण. डक्ट नसतील तर मी त्या वाटेला जाणार नाही. डक्ट असतील आणि फोम नको असेल, तर निदान त्यांचे सांधे मॅस्टिकने (डक्टवर लावायच्या घट्ट लेपाने) बंद करा. कापडी डक्ट टेप त्या उष्णतेत सुटून येते.

हात घालण्याआधी दोन गोष्टी तपासा, यात घाई नको. अ‍ॅटिकमध्ये करडे-सोनेरी, चमकदार, खडीसारखे हलके दाणे दिसले तर ते व्हर्मिक्युलाइट असू शकतं. 1919 ते 1990 या काळात अमेरिकेत विकल्या गेलेल्या व्हर्मिक्युलाइटपैकी 70 टक्क्यांहून जास्त माल मोंटानातल्या लिबीच्या खाणीतून आला, आणि तिथल्या साठ्यात अ‍ॅस्बेस्टॉस होतं. म्हणून ईपीए या अमेरिकी पर्यावरण संस्थेचा सल्ला असा की त्यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे असंच धरून चाला. ढवळू नका, झाडू नका, मुलांना वर जाऊ देऊ नका. परवानाधारक माणसालाच बोलवा. दुसरं, वायरिंग. तुमचं घर 1954चं असल्याने नॉब अँड ट्यूब (चिनीमातीच्या खुंट्यांवरून आणि नळ्यांतून नेलेल्या जुन्या सुट्या वायरी) असण्याची शक्यता कमी, पण याहून जुनं घर असलेल्यांनी इलेक्ट्रिशियन आणल्याशिवाय त्यावर इन्सुलेशन टाकू नये. त्या वायरींना थंड राहायला मोकळी हवा लागते. छतातले जुने दिवेही झाकायचे नसतात. ते बदलून आयसी दर्जाचे (इन्सुलेशनने झाकले तरी चालणारे), हवाबंद एलईडी लावून घ्या.

बाथरूमचा आणि स्वयंपाकघराचा पंखा कुठे उघडतो तेही पाहा. जुन्या घरांत कित्येकदा पाइप अ‍ॅटिकमध्येच सोडून दिलेला असतो. आपल्याकडे रोज फोडण्या, कुकरच्या शिट्ट्या, वरून लांब आंघोळी. एवढी वाफ गार छपराखाली गेली की बुरशी धरतेच. पाइप छपरातून किंवा भिंतीतून बाहेर काढणं हे इन्सुलेशनच्या आधीचं काम आहे. विजेचा अ‍ॅटिक फॅन मात्र कोणी सुचवला तर नको म्हणा. फटी उघड्या असताना तो तुमची एसीची हवाच वर ओढतो.

पुढचं पाऊल म्हणून, इन्सुलेशन न विकणाऱ्या एखाद्या बीपीआय (बिल्डिंग परफॉर्मन्स इन्स्टिट्यूट) प्रमाणित एनर्जी ऑडिटरकडून ब्लोअर डोअर टेस्ट करून घ्या. दारात पंखा बसवून घराच्या आत-बाहेर 50 पास्कलचा दाबातला फरक तयार करतात आणि किती हवा गळते ते मोजतात. कामाआधी एक आणि कामानंतर एक आकडा हाती आला की कॉन्ट्रॅक्टरने काय केलं ते वादाशिवाय कळतं. आधी तुमच्या गॅस किंवा वीज कंपनीचा कार्यक्रम पाहा, बऱ्याचदा तिथून तपासणी आणि कामावर सूट मिळते. घरातल्या ऊर्जाबचतीच्या कामांवरची 25सी ही फेडरल कर सवलत 31 डिसेंबर 2025 नंतर पूर्ण झालेल्या कामाला लागू नाही, तेव्हा कोणी अजून तिचं आमिष दाखवत असेल तर तो हिशोब वजा करून एस्टिमेट वाचा.

करारात हवा बंद करण्याची कामं जागेनुसार लिहून घ्या, इन्सुलेशन पसरायच्या आधीचे फोटो मागा, आणि पोत्यांची संख्या, क्षेत्रफळ, जाडी, आर-व्हॅल्यू हे पावतीवर आलंच पाहिजे. हे फेडरल नियमानेच बंधनकारक आहे. केवळ जाडी बघून समाधान मानू नका. सेल्युलोज फुगवून उडवलं की पहिल्या दिवशी जाड दिसतं, मग बसतं.

आई-बाबांसाठी वर मिनी-स्प्लिट (डक्ट न लागणारा भिंतीवरचा एसी) घ्यायचा विचार असेल तर तो या कामानंतर घ्या. आत्ताच्या स्थितीवर मोजून घेतलात तर गरजेपेक्षा मोठा बसेल, आणि मोठा एसी खोली पटकन गार करून थांबतो, दमटपणा तसाच राहतो. सगळं काम ऑक्टोबर ते एप्रिलमध्ये उरका; जुलैत अ‍ॅटिकचं तापमान 120 अंश फॅरेनहाइटच्या वर जातं आणि तिथे माणसाने काम करू नये.

शेवटची गोष्ट सुरक्षेची आहे. बेसमेंटमध्ये चिमणीला जोडलेला जुन्या पद्धतीचा गॅस वॉटर हीटर असेल तर घर घट्ट केल्यावर त्याचा धूर उलटा घरात येऊ शकतो. ऑडिटरकडून काम संपल्याच दिवशी कम्बश्चन सेफ्टी टेस्ट (धूर नीट बाहेर जातो का, याची तपासणी) करून घ्या, आणि प्रत्येक मजल्यावर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. नी-वॉलच्या मागचे आणि डक्टचे फोटो पाठवलेत तर फोम की बोर्ड, हे मी नेमकं सांगू शकेन.