रॉ फाइल्स : आधी निवड, मग संपादन

कास पठारावरून एका फेरीत बाराशे रॉ फाइल्स (सेन्सरची कच्ची माहिती साठवणारे फोटो) आल्या आणि लाइटरूम क्लासिक हे फोटो संपादनाचे सॉफ्टवेअर प्रत्येक फोटोपाशी अडखळते. तेव्हा नवा लॅपटॉप घ्यावा की यापुढे जेपेगच काढावेत, असा आपला प्रश्न आहे. दोन्हींची घाई करू नये. आधी कामाचा क्रम बदलून पाहावा.

लाइटरूमच्या डेव्हलप या संपादनाच्या विभागात फोटो उघडला की सेन्सरच्या कच्च्या माहितीतून चित्र तयार करावे लागते आणि वेळ तिथेच जातो. मात्र त्याच फाइलमध्ये कॅमेऱ्याने बनवलेले जेपेगही असते. इम्पोर्ट करताना प्रीव्ह्यूसाठी ‘एम्बेडेड अँड साइडकार’ निवडले, तर लायब्ररी या फोटो पाहण्याच्या विभागात तेच दिसते आणि फोटो भराभर पुढे सरकतात. कॅप्स लॉक चालू ठेवून पी दाबले की फोटो निवडला जातो, एक्स दाबले की बाद होतो, आणि पुढचा आपोआप समोर येतो. एकाच तेरड्याच्या अनेक फ्रेम असतील, तर फोकस पाकळीवर नेमका बसला आहे का आणि वाऱ्याने फूल हलले आहे का, एवढेच पाहावे; रंग नंतर सुधारता येतो, हललेले फूल नाही.

उरलेल्या फोटोंचे प्रकाशानुसार गट पाडावेत, कारण पठारावर ढग सरकला की व्हाइट बॅलन्स (प्रकाशानुसार रंगांचा समतोल) बदलतो. गटातला एक फोटो मन लावून पूर्ण करावा आणि त्याच्याच सेटिंग्ज ‘सिंक’ने बाकीच्यांना लावाव्यात. ‘सीतेची आसवे’ या फुलांच्या जांभळ्या गालिच्यावर सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) वाढवण्याचा मोह होतो, पण त्याने पाकळ्यांचा पोत जाऊन नुसता डाग उरतो. तिथे जांभळ्याचे सॅच्युरेशन थोडे उतरवलेलेच चांगले.

जेपेगकडे मात्र वळू नये. त्यात प्रत्येक रंगाच्या 256 पातळ्या असतात, तर 14 बिटच्या रॉमध्ये 16,384. उन्हात चमकणाऱ्या पांढऱ्या गेंदाच्या फुलाचा तपशील वाचवायला हीच शिल्लक उपयोगी पडते.

कॅटलॉग, म्हणजे लाइटरूमची फोटोंची आणि संपादनाची नोंदवही, लॅपटॉपच्या एसएसडीवर (वेगवान अंतर्गत डिस्कवर) ठेवावा. मूळ फाइल्स बाहेरच्या डिस्कवर असल्या, तरी स्मार्ट प्रीव्ह्यू (फोटोंच्या लहान आकाराच्या प्रती) बनवून ठेवले की डिस्क न जोडताही संपादन करता येते. लाइटरूमचा बॅकअप फक्त कॅटलॉगचा असतो, फोटोंचा नव्हे, म्हणून मूळ फाइल्सची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर असायलाच हवी. फोल्डर हलवायचे झाल्यास लाइटरूममधूनच हलवावेत, नाहीतर फोटो ‘मिसिंग’ दिसू लागतात.

एवढे करूनही केवळ एआय डीनॉइजच (फोटोतले दाणे काढण्याची सोय) रेंगाळत असेल, तर ते काम प्रामुख्याने ग्राफिक्स कार्डावर चालते. तेव्हा नव्या लॅपटॉपचा विचार करताना पैसे तिथे घालावेत.