डावा लगाम जड का लागतो?

प्रश्न : काका, नमस्कार. आमची हरणी सात वर्षांची मारवाडी घोडी आहे. डाव्या हाताच्या गोलात ती आत घुसते, उजव्या गोलात बाहेर पसरते. डावा लगाम हाताला जड लागतो, उजवा नुसता लोंबतो. डाव्या पायावर, म्हणजे डावा पाय पुढे टाकत, दौड धरतच नाही. घरचे म्हणतात, डावा लगाम करकचून धर, आपोआप वठणीवर येईल. दोन महिने तेच केलं, तर आता ती मान झटकायला लागली आहे. काय चुकतंय? – एक वाचक, तासगाव तालुका

उत्तर : पोरी, आधी तो डावा लगाम ओढणं बंद कर. हातातून टाकू नकोस, फक्त ओढू नकोस. हरणी हट्टी नाही. तू लिहिलेल्या चारही खुणा एकाच गोष्टीच्या आहेत : घोडी उजव्या अंगाने पोकळ आहे. उजवी कूस आत वळलेली, मागचं अंग उजवीकडे सरकलेलं, आणि सगळा भार डाव्या खांद्यावर. आपल्यात कुणी उजखुरा, कुणी डावखुरा असतो, तसंच हे. जवळजवळ प्रत्येक घोडं थोडंफार असं असतं.

यामागचं कारण नीट समजून घे, म्हणजे हात आपोआप शांत होईल. उभ्या घोड्याचं साठ टक्क्यांच्या आसपास वजन पुढच्या पायांवर असतं. त्यात घोड्याला आपल्यासारखं हासळीचं हाड नसतं. दोन खांद्यांच्या मधे छाती नुसत्या स्नायूंवर टांगलेली असते, त्यामुळे ती एका बाजूला सहज कलते. हरणीची डावीकडे कलली आहे. तू डावा लगाम ओढतेस तेव्हा तिला टेकायला काठी मिळते. जितकी ओढशील तितकी ती रेलेल, आणि तोंड दुखलं की मान झटकेल.

माझ्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा डोळ्यांनी बघ. येरळेच्या पात्रात ओली वाळू असेल तिथे समोरच्या एखाद्या बाभळीवर नजर ठेवून तीसेक पावलं सरळ कदम चालीत, म्हणजे साध्या सावकाश चालीत, ने. मग उतर आणि मागे जाऊन टापांचे ठसे बघ. मागच्या उजव्या पायाचा ठसा पुढच्या उजव्याच्या रेषेत न पडता बाहेर, उजवीकडे पडलेला दिसेल. ठशाचा फोटो काढून ठेव, दोन महिन्यांनी लागेल.

आता तुझ्याकडे येऊ. घोडदळात नवीन असताना मीही माझ्या घोड्याला वाकडा म्हणत होतो. एके दिवशी उस्तादांनी खोगीर उतरवून खालचा नमदा माझ्यासमोर धरला. घामाचा डाग एका बाजूला गडद, दुसऱ्या बाजूला कोरडा. ते काहीच बोलले नाहीत, नमदा माझ्या हातात देऊन निघून गेले. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण वर्षभर त्या जनावराने माझा वाकडेपणा पाठीवर वाहिला होता.

म्हणून तूही तुझा नमदा बघ. मग रिकिबीचे दोन्ही पट्टे काढून एकाच खिळ्याला शेजारी शेजारी टांग. आपण रोज डावीकडूनच चढतो, म्हणून डावा पट्टा ताणून लांब होतो. भोकं सारखी मोजली तरी रिकिबी खाली-वर लोंबतात. दर आठवड्याला पट्टे अदलाबदल कर आणि चढायला दगडी कट्टा घे, घोडीच्या पाठीवरचा हिसकाही वाचेल. घरी लाकडी पाटावर मांडी न घालता, पाय पुढे सोडून बस आणि दोन्ही तळवे बुडाखाली घाल. कुठल्या हातावर हाड जास्त रुततं? कळशी नेहमी एकाच कमरेवर, दप्तर एकाच खांद्यावर घेतलं की मांड, म्हणजे खोगिरावरची बैठक, अशीच एकांगी होते. दोन्ही हाडं सारखी रुतेपर्यंत रोज पाच मिनिटं बस. मांड पक्की असणं म्हणजे गुडघे आवळणं नव्हे, हे बऱ्याच चांगल्या स्वारांनाही उशिरा कळतं.

कामाचं सांगतो. मैदानावर वीस मीटर व्यासाचा गोल आख, त्यावर चार डबे ठेव. पहिले दोन आठवडे फक्त कदम आणि दुडकी, म्हणजे कदम आणि दौड यांच्या मधली चाल. डाव्या गोलात ती आत घुसायला लागली की डावी पोटरी तंगाजवळ, म्हणजे खोगिराच्या पोटपट्ट्याजवळ, लाव, उजवा लगाम हलका पण कायम लागलेला ठेव, आणि डावा हात दोन बोटं आयाळीकडे पुढे दे. होय, जो जड लागतो तोच द्यायचा. पहिल्यांदा ती आणखी आत पडेल. ओढू नकोस, कदमावर आण, पोटरीने पुन्हा बाहेर पाठव. उजवा लगाम लोंबतो म्हणून तो मागे खेचून ताठ करू नकोस. घोडीला पुढे चालव, तिने स्वतः मान लांबवून तो हात शोधला पाहिजे. ज्या दिवशी उजव्या तळव्यात तिचं तोंड हलकेच येऊन टेकेल, तो दिवस वहीत लिहून ठेव.

भिंत डावीकडे ठेवून उजव्या हाताच्या फेरीत जाताना तिचं मागचं अंग आत, मैदानाकडे येईल. तेव्हा मागचं अंग पायाने बाहेर ढकलायचा मोह होतो. तसं करू नकोस. त्याऐवजी खांदे थोडेसे आत, उजव्या मागच्या पायासमोर आण. मान मात्र सरळ, डावा लगाम तिला धरून ठेवेल. फ्रान्सच्या ग्वेरिनिएर यांनी अठराव्या शतकात ‘खांदा आत’चा जो धडा घडवला, त्याची ही पहिली पायरी.

दुडकीत उठबस करताना डाव्या गोलात तिचा उजवा खांदा पुढे जाईल तेव्हा ऊठ, मागे येईल तेव्हा बस. दोन्ही गोलांत तू घोडीच्या एकाच खांद्याबरोबर उठत असशील अशी मला दाट शंका आहे, मैत्रिणीला बाजूला उभं राहून बघायला सांग.

डावी दौड आत्ता मागूच नकोस. दोन्ही लगाम दुडकीत सारखे लागेपर्यंत थांब. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंग आणि सुदीप्ती हजेला यांनी ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेचं, सांघिक सुवर्ण आणलं. त्या फेऱ्या मिळाल्या तर बघ, पण घोडा बघू नकोस, स्वाराची मनगटं बघ.

आणि हे सगळं सुरू करण्याआधी दात, नाल आणि पाठ तपासून घे. मान झटकणं नवीन आहे म्हणून सांगतो. जवळ चांगला डॉक्टर नसेल तर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचार. दुखणाऱ्या घोड्याला सरळ चालवता येत नाही.

प्रश्न : वरातीत नाचवलेला घोडा जत्रेतून घेतला. अकरा वर्षांच्या मुलाला त्याच्यावर शिकवता येईल का? – एक पालक, कोरेगाव

उत्तर : आत्ता नको. नाचाच्या घोड्याला मान उंच, पाठ खाली आणि पाय जागच्या जागी उचलायची सवय लावलेली असते. ढोल वाजला की तो पुढे न जाता वर जातो, आणि तेव्हा पाठीवर पोर नको. सहा महिने त्याला मोकळ्या मानेने, लांब लगामावर नुसता चालवा. रोज अर्धा तास, शेताच्या बांधाने, हलक्या चढावर. डोकं खाली घालून, नाकातून फुरफुरत तो चालायला लागला की पाठ सुटली समजा. मुलाला तोवर खरारा करू द्या, टापा साफ करायला शिकवा, आणि एखाद्या म्हाताऱ्या, शांत घोड्यावर रिकिबीशिवाय बसवा, घोड्याची दोरी तुम्ही धरा.