कोडमधील निर्णयाचे कारण कुठे लिहावे: कॉमेंटमध्ये, वेगळ्या दस्तऐवजात की कमिट संदेशात?

माझे उत्तर कमिट संदेश, म्हणजे कोडमधला बदल (कमिट) नोंदवताना त्यासोबत लिहिलेला मजकूर, असे आहे आणि त्याचे कारण गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रणालीच्या दोष शोधणाऱ्या साधनांत आहे. गिट ब्लेम प्रत्येक ओळीपुढे तिला शेवटचा हात लावणारी कमिट दाखवते. गिट बायसेक्ट चांगली आणि बिघडलेली आवृत्ती यांमधले अंतर दर चाचणीला निम्मे करत जाते, त्यामुळे हजारभर कमिटमधली दोषी कमिट साधारण 10 चाचण्यांत हाती लागते. दोन्ही वाटा एका कमिटपाशी येऊन थांबतात. तिथे फक्त 'बग दुरुस्त केला' एवढेच लिहिलेले असेल, तर दोष कुठून आला हे कळते, पण ती ओळ काढली तर आणखी काय मोडेल हे कळत नाही.

काय बदलले ते डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्या कोडमधल्या फरकात, दिसतेच. संदेशात अडचण कोणती होती, कोणता सोपा वाटणारा पर्याय का नाकारला आणि काय गृहीत धरले, हे लिहावे. लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्स कार्यप्रणालीच्या गाभ्यात) दुरुस्तीच्या संदेशात 'फिक्सेस' या शीर्षकाखाली, ज्या कमिटमुळे दोष आला तिच्या हॅशची (गिटने कमिटला दिलेल्या ओळखक्रमांकाची) पहिली 12 अक्षरे आणि तिची शीर्षकओळ देण्याची पद्धत आहे. ती मला फार मोलाची वाटते, कारण त्यामुळे दुरुस्तीवरून मूळ निर्णयापर्यंत थेट जाता येते.

मात्र एका कमिटमध्ये एकच निर्णय असावा. फॉरमॅटिंग (कोडची केवळ मांडणी बदलणे) त्यात मिसळले, तर ब्लेम भलत्याच कमिटकडे बोट दाखवते. फॉरमॅटिंगच्या कमिट वेगळ्या ठेवल्या असतील, तर 2019 मधल्या गिट 2.23 पासून त्यांची यादी एका फाइलमध्ये देऊन ब्लेमला त्या वगळायला सांगता येते. प्रत्येक कमिट बिल्डही व्हायला हवी, म्हणजे तिच्यातून चालणारा प्रोग्राम तयार व्हायला हवा. नाहीतर बायसेक्ट रनच्या, म्हणजे चाचण्या आपोआप करणाऱ्या, स्क्रिप्टला 125 हा एक्झिट कोड (संपताना कळवायचा आकडा) देऊन ती वगळावी लागते, आणि अशा कमिट सलग आल्या की नेमकी दोषी कोणती हे ठरत नाही.

कॉमेंट मी एकाच ठिकाणी आवश्यक मानतो: जिथे ओळ चुकीची वाटून पुढचा माणूस ती सरळ 'सुधारेल', तिथे. तो आधी ब्लेम पाहीलच असे नाही. वेगळा दस्तऐवज अनेक फाइलींना व्यापणाऱ्या रचनेसाठी ठेवावा आणि त्याचा उल्लेख संबंधित कमिटमध्ये करावा.